मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं

नमस्कार श्रोतेहो.

तुळशीची लग्नं लागली की माझा फोन वाजायला लागतो. "मामा, गेल्या वर्षी फुलं कुठनं मागवली होती हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात हसू दाबलेलं कळतं मला. कारण ती फुलं कुठं गेली, हे आमच्या निम्म्या गणगोताला पाठ आहे. तुम्हालाही सांगणार आहे. पण आधी जरा कामाचं बोलू.

आमच्या आईच्या वेळी लग्न म्हणजे एक वही असायची. आचारी, वाजंत्री, मांडव, भाड्याची भांडी, सगळं त्या वहीत. आचारी ठरवायचा म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात त्याच्या हातचा मसालेभात खाऊन यायचं, एवढीच चौकशी. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं माझ्यापुढं मोबाइल धरला. मेंदीवाली, मेकअपवाली, फेटे बांधणारा, ड्रोनवाला, जागेवर जिलबी तळून देणारा. सगळ्यांचे फोटो सुंदर आणि सगळ्यांना साडेचार तारे. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही असा माणूस आला, की मी त्याची सही दोनदा बघायचो. म्हणून भाचीला म्हटलं, पाच तारेवाल्यांचं वाचू नको, तीन तारेवाल्यांचं वाच. "जेवण चांगलं, पण दुसऱ्या पंगतीला वाढपी दिसले नाहीत." हे वाक्य खरं लग्न बघून आलेल्या माणसाचं असतं.

आणखी एक. एकाच मांडवाचा फोटो आम्हाला तीन डेकोरेटरांच्या पानांवर दिसला. तीच झुंबरं, तेच गुलाबी पडदे आणि कोपऱ्यात तीच पाठमोरी बाई. भाचीनं तो फोटो गूगल लेन्सला दाखवला, तर तो आणखी चार ठिकाणी निघाला. तेव्हा फोटो बघा, पण फोटोवर ठरवू नका. जागा बघा. परत सांगतो, जागा बघा. आणि कार्यालय रिकामं असताना बघू नका, तिथं दुसऱ्याचं कार्य चालू असताना बघा. हात धुवायच्या नळाला पाणी येतंय का, वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो, म्हाताऱ्या माणसाला जिना चढावा लागतो का, हे फोटोत दिसत नाही.

आता फुलांचं.

आमचं कार्यालय सांगलीत, विश्रामबागेकडं. नाव सांगत नाही. एवढंच सांगतो की ते एका देवाचं नाव आहे, आणि त्या देवाच्या नावाची मंगल कार्यालयं महाराष्ट्रात किती आहेत ते देवालाही मोजता यायचं नाही. फुलं भाचीनं कोल्हापुरातून ऑनलाइन ठरवली होती. निशिगंध आणि गुलाबाचे दोन हार, मुंडावळ्या, वेण्या, गजरे, मिळून चार हजार दोनशे रुपये. फुलवाला म्हणाला, "लोकेशन टाका." मी मोबाइलवर कार्यालयाचं नाव लिहिलं, पहिलं जे आलं ते पाठवून दिलं. नुसतं त्यालाच नाही. नातेवाइकांच्या एकशे चाळीस जणांच्या ग्रुपवरही तेच टाकलं. पत्रिकेवर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड छापतात ना, तोही त्याचाच करून घेतला. छपाईवाल्यानं दोनदा विचारलं, "साहेब, तपासलंय ना?" मी म्हटलं, "अहो, बँकेत होतो मी."

मुहूर्त 12 वाजून 32 मिनिटांचा. पावणेबाराला बहीण आली. "दादा, हार कुठायत?" फुलवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "दिले की साहेब, साडेनऊलाच. कार्यालयात देऊन फोटोपण काढलाय." फोटो आला. त्यात गुलाबी फेटा बांधलेले एक गृहस्थ आमचे हार दोन्ही हातांवर घेऊन प्रसन्न हसत होते. मी म्हटलं, मुलाकडचे असतील. मुलाचे काका म्हणाले, छे, आम्हाला वाटलं तुमच्याकडचे. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, यांच्या मागची भिंत निळी आहे. आपली पिवळी आहे."

त्याच नावाचं कार्यालय मिरजेत होतं! माझ्या मोबाइलनं पहिलं दाखवलं ते मिरजेचं. फुलवाल्याचा पोरगा अंकलीच्या फाट्यावरून सांगलीकडं वळायचा तो मिरजेकडं वळला. आणि तिथंही लग्न होतं, तिथंही दारात सनई लागली होती. आता सनई म्हणजे पेनड्राइव्हवरची, हे सांगायला नको. ज्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात, गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या मिरजेत राहिले, तिथल्या मांडवातसुद्धा सनई पेनड्राइव्हवर! वाजंत्री ठरवताना आपण घासाघीस करतो आणि ड्रोनवाल्याला आगाऊ देतो, असो. तर मिरजेतल्या मुलीकडच्यांना वाटलं हार मुलाकडून आले, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडून आले. त्यांचा मुहूर्त अकराच्या सुमाराचा. आमच्या हारांनी त्यांचं लग्न लागून गेलं होतं.

मी दारात उभा. आत गौरीहरापुढं भाची बसलेली. भाच्याला स्कूटर देऊन सांगलीच्या गणपतीच्या देवळाकडं पिटाळलं, मिळतील ते हार आण म्हणून. आणि फोन वाजला. आमचे पंढरपूरचे नाना. आम्ही सगळे धरून बसलो होतो की नानांची गाडी लेट असणार.

"काय रे, कुठं आहेस तू? दिसला नाहीस."

"नाना, मी दारातच आहे. तुम्ही कुठं आहात?"

"आम्ही जेवलो की."

श्रोतेहो, आमचं लग्न लागायचं होतं आणि नाना जेवले होते. मिरजेला रेल्वेतून उतरले, रिक्षावाल्याला पत्रिकेवरचा कोड दाखवला, त्यानं बरोबर त्या कोडवर नेऊन सोडलं. आत एकही ओळखीचं तोंड नाही. पण नाना समजूतदार. त्यांना वाटलं, ही सगळी मुलाकडची मंडळी. अक्षता टाकल्या, पहिल्या पंगतीला बसले, जिलबीचा आग्रह करून घेतला. स्टेजवर जाऊन पाचशे एक रुपयांचं पाकीट नवरीच्या हातात दिलं आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लहानपणी माझ्या मांडीवर खेळलीस तू." ती पोरगी बिचारी वाकून पाया पडली.

"नाना," मी विचारलं, "नवरी ओळखू आली नाही?"

"अरे, मेकअपमध्ये कोण कुणाला ओळखतंय हल्ली!"

हे संभाषण चालू असताना आतून माइकवर गुरुजींचा आवाज. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी नानांना सांगतोय, रिक्षा करा, विश्रामबाग म्हणा. परत आवाज, "मुलीच्या मामांनी मुलीला लवकर घेऊन यावं." तिसऱ्या वेळी गुरुजींनी "मुलीच्या" सोडून दिलं, नुसतंच "मामा!" म्हणाले. तेवढ्यात स्कूटर आली. देवळासमोर गणपतीसाठी करून ठेवलेले झेंडूचे दोन हार मिळाले होते, मध्ये मध्ये दूर्वांच्या जुड्या ओवलेल्या. अंतरपाट दूर झाला आणि आमच्या भाचीनं दूर्वांचा हार नवऱ्याच्या गळ्यात घातला. ड्रोननं ते सगळं वरून टिपलंय.

तर श्रोतेहो, लोकेशन शोधून पाठवू नका. कार्यालयाच्या मॅनेजरला सांगा, तुम्ही तिथं उभं राहून तुमच्या फोनवरून पाठवा. मग आपण एकदा त्याच्या आधारानं तिथवर जाऊन यायचं, आणि मगच ते पत्रिकेवर छापायचं. पुन्हा सांगतो, शोधून नाही, मागवून. पत्रिकेवर कोडच्या खाली पत्ता अक्षरांत लिहा, गावासकट. रिक्षावाल्याला अक्षर वाचता येतं.

माझा वेळ संपत आलाय, त्यामुळं पैशांचं भरभर सांगतो. ताटाचा दर ठरवताना त्यात काय धरलंय ते लिहून घ्या. पाण्याच्या बाटल्या, आइस्क्रीम, वाढपी, उरलेल्या जेवणाचं काय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं तरी चालतं, पण लिहून. ताटं कोण मोजणार तेही आधी ठरवा. ही भांडणं बुफेमुळं वाढली असं माझं मत आहे, पंगतीत पत्रावळी मोजल्या की संपलं. पक्कं बिल देतो म्हणणाऱ्याचा जीएसटी नंबर आकडे-अक्षरं मिळून पंधरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर 27 नं सुरू होतो. जीएसटीच्या वेबसाइटवर तो टाकला की नाव दिसतं. ज्याला पैसे देताय त्याचंच ते नाव आहे का, बघा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. आणि कुणी म्हणालं की बुकिंगचे पैसे परत पाठवतोय, तुमचा यूपीआयचा पिन टाका, तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो जायला. यायला लागत नाही, जायला लागतो.

मोबाइलवर पत्रिका आली आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ती पत्रिका नव्हे, मोबाइलमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे. उघडू नका, मग पाठवणारा सख्खा साडू का असेना. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. एक, नऊ, तीन, शून्य.

आता शेपूट राहिलं. लग्नानंतर चार दिवसांनी मिरजेहून फोन आला, त्या दुसऱ्या नवरीच्या वडिलांचा. नानांच्या पाकिटावर आमच्या भाचीचं नाव आणि खाली नानांचा नंबर होता, त्यावरून त्यांनी मला शोधलं. पाकीट परत करतो म्हणाले, हारांचे पैसेही देतो म्हणाले. मी नको म्हटलं. मग जरा घुटमळत म्हणाले, "एक विचारू का? आमचे जतचे दाजी तुमच्याकडं आले होते का हो? घरात म्हणतायत, दाजी रुसले, लग्नाला आलेच नाहीत. दाजी म्हणतायत, मी आलो होतो."

मी आहेराची यादी काढली. सतरा नंबरला एक नाव, दोनशे एक्कावन्न रुपये. बहीण म्हणत होती मुलाकडचे, विहीणबाई म्हणत होत्या तुमच्याकडचे. मग अल्बम काढला. दोन्ही घरांच्या फोटोत, विहीणबाईंच्या शेजारी, पिवळा फेटा बांधलेले एक गृहस्थ ताठ उभे आहेत.

"आले होते," मी म्हटलं.

पलीकडं कुणीतरी फोन ओढून घेतला. "पाव्हणं, मी दाजी बोलतोय. मठ्ठा कुणाचा होता हो? त्या आचाऱ्याचा नंबर द्या."

नमस्कार.