नावापुढची ओळ : मुंबई विद्यापीठाच्या नामवंत विद्यार्थ्यांची नोंद कशी करावी

(माजी विद्यार्थी संघांचे कार्यकर्ते, ग्रंथपाल आणि प्राध्यापक यांच्यासमोर मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या महाविद्यालयात दर्शनी भिंतीवर 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी' असा एक फलक असतो. त्यावर वीस-पंचवीस नावे, फार तर नावाआधी 'पद्मश्री' किंवा 'न्यायमूर्ती'. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या तपासणीची, तयारी सुरू झाली की हाच फलक टंकून अहवालात जातो, अहवालातून संकेतस्थळावर आणि तिथून स्मरणिकेत. एकदा छापले गेले की पुढचा माणूस मागच्याला पुरावा मानतो. आज माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे. प्रत्येक नावापुढे एक पूर्ण ओळ हवी : कोणती परीक्षा, कोणत्या महाविद्यालयातून, कोणत्या साली. ही ओळ लिहायला बसलात की चुकीची नावे आपोआप गळतात आणि जी उरतात त्यांनी आयुष्यात काय काय केले, ते नीट दिसायला लागते.

आपले विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे शिकवणार महाविद्यालये, परीक्षा घेणार आणि पदवी देणार विद्यापीठ. पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ साली झाली आणि पहिले चार पदवीधर १८६२ साली बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांकडेच पाहा. रानडे न्यायखात्यात गेले, १८९३ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि अर्थशास्त्रावर लिहीत राहिले. भांडारकर संस्कृतचे जगन्मान्य पंडित झाले आणि पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. वागळे वकिलीत शिरले, मोडकांनी शाळा सांभाळली. एका तुकडीतली चार माणसे आणि चार वाटा. प्रार्थना समाजाच्या कामात मात्र ती पुन्हा एकत्र दिसतात. नुसत्या नावांच्या फलकावरून हे कळत नाही. एकच साल चौघांपुढे लिहिले की लगेच कळते.

आता गळणाऱ्या नावांकडे येऊ. सगळ्यात जास्त चूक दादाभाई नौरोजींच्या बाबतीत होते. ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे विद्यार्थी आणि तिथलेच गणिताचे प्राध्यापक, यात वाद नाही. पण १८५५ साली ते कामा कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेले तेव्हा विद्यापीठ अस्तित्वातच नव्हते. भाऊ दाजी लाड यांचेही तसेच. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे आणि भाऊ दाजी तिथल्या १८५१ सालच्या पहिल्या तुकडीतले. त्यांच्याकडे पदविका होती ती महाविद्यालयाची. एल्फिन्स्टन आणि ग्रँट मेडिकल यांच्या फलकावर ही नावे सन्मानाने असावीत, विद्यापीठाच्या यादीत नसावीत.

दुसरा गट अर्धवट संबंधाचा. गांधीजींनी १८८७ साली अहमदाबादच्या केंद्रावर मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक दिली, ते उत्तीर्ण झाले आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढून इंग्लंडला गेले. त्यांच्यापुढे 'मॅट्रिक, १८८७' एवढेच लिहावे. विनोबा इंटरच्या, म्हणजे मॅट्रिक आणि पदवी यांच्यामधल्या, परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत गाडी बदलून काशीला गेले. त्यांच्यापुढे पदवी लिहिणे म्हणजे त्यांनी जाणीवपूर्वक सोडलेली गोष्ट त्यांच्या नावावर चढवणे. होमी भाभा एल्फिन्स्टनमध्ये आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले, पण १९२७ साली केंब्रिजला गेले आणि पदव्या तिथल्या. अशा सगळ्यांसाठी यादीत एक वेगळा रकाना ठेवा : 'शिकले, पदवी नाही'. हा रकाना ठेवायला लोक नाखूश असतात, मोठी नावे खालच्या दर्जाला गेली असे त्यांना वाटते. मला तो रकाना यादीतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो.

तिसरी गल्लत शिक्षक आणि विद्यार्थी यांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ पासून प्राध्यापक होते आणि १९३५ साली शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. विद्यार्थी मात्र ते एल्फिन्स्टनचे. मॅट्रिक १९०७, मग बडोदे संस्थानच्या साहाय्याने बी.ए., विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. सिडनहॅमने त्यांचे नाव अवश्य लावावे, पण 'अध्यापक' या मथळ्याखाली. मानद डॉक्टरेट मिळालेल्यांचेही तसेच. दीक्षान्त समारंभात व्यासपीठावर बसलेला माणूस त्या दिवशी विद्यापीठाचा विद्यार्थी होत नाही.

बाबासाहेबांच्या बी.ए.पुढे काही ठिकाणी १९१२ दिसते, काही ठिकाणी १९१३. असा एका वर्षाचा फरक जुन्या नोंदींत पदोपदी भेटतो. परीक्षा वर्षाच्या शेवटी आणि पदवीदान पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, असे असले की एकाच पदवीला दोन साले चिकटतात. म्हणून नोंदवहीत दोन रकाने करा, परीक्षेचे साल आणि दीक्षान्ताचे साल. ज्याचा पुरावा हाती आहे ते भरा, दुसरे रिकामे सोडा. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण तो पुन्हा कोणी तपासत नाही.

भूगोलाचा घोळ त्याहून मोठा. मुंबई विद्यापीठ म्हणजे मुंबई शहर नव्हते, अख्खा इलाखा होता : सिंध, गुजरात, महाराष्ट्राचा मोठा भाग, उत्तर कर्नाटक. टिळक डेक्कन कॉलेजचे, पण पदवी मुंबई विद्यापीठाची आणि १८७९ सालची एलएल.बी.ही मुंबईचीच. पुणे, गुजरात, कर्नाटक ही विद्यापीठे १९४९च्या सुमारास वेगळी झाली. गोव्यातली महाविद्यालये गोवा मुक्त झाल्यापासून १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईकडेच होती. त्यामुळे फर्ग्युसनचा पदवीधर दिसला की आधी साल पाहा. १९४७ साली प्रवेश घेऊन १९५० साली बी.ए. झालेला विद्यार्थी दोन विद्यापीठांच्या सीमेवर उभा असतो, त्याचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय लिहू नये. उलट बाजूने, आयआयटी मुंबई, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ही मुंबईत आहेत म्हणून त्यांचे विद्यार्थी आपले होत नाहीत. महिला विद्यापीठ स्थापन करणारे धोंडो केशव कर्वे मात्र आपले : एल्फिन्स्टन, बी.ए. गणित, १८८४. गणिताचा एक पदवीधर गणित शिकवता शिकवता विधवांच्या शिक्षणाकडे वळतो आणि १९१६ साली स्वतःच एक विद्यापीठ उभारतो. गोपाळ कृष्ण गोखलेही १८८४ सालीच एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. अशा जोड्या सालांवरूनच सापडतात.

अलीकडे हा प्रश्न आणखी अवघड झाला आहे. २०१९ साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले आणि एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था (पूर्वीची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्यात गेल्या. मग गोखले आता कोणाचे? उत्तर सरळ आहे. महाविद्यालय आजच्या विद्यापीठात गेले तरी १८८४ची पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याचीच राहते. महाविद्यालयाच्या यादीत ते आहेतच. नव्या विद्यापीठाने त्यांना 'घटक महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी' म्हणावे.

याच जातीचे, पण सगळ्यात भरलेले उदाहरण माटुंग्याचे. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतःचा विभाग सुरू केला, यूडीसीटी. इथे विद्यापीठ स्वतः शिकवत होते, नुसती परीक्षा घेत नव्हते. २००८ साली ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली, आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आयसीटी. इथल्या माणसांच्या वाटा पाहा. मनमोहन शर्मा १९५८ साली रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, केंब्रिजहून पीएच.डी. करून आले आणि सत्ताविसाव्या वर्षी इथेच प्राध्यापक झाले. १९९० साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रघुनाथ माशेलकर १९६६चे पदवीधर, १९६९ची पीएच.डी., पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेले अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले ते याच परिषदेच्या हरकतीमुळे. केकी घारडा यांनी रसायनांचा कारखाना उभा केला. अंजी रेड्डी इथे औषधनिर्माण शिकले आणि १९८४ साली हैदराबादला औषधकंपनी काढली. मुकेश अंबानीही इथलेच. प्राध्यापक, प्रयोगशाळेचा प्रमुख, कारखानदार, उद्योगपती, सगळे एका विभागातून. कारण शोधायचे असेल तर अभ्यासक्रमात शोधा. रंग, कापड, तेल, औषध यांचे शिक्षण कारखान्याच्या मोजमापात दिले जात होते, आणि मुंबईत त्या वेळी गिरण्या आणि रसायनांचे कारखाने हाकेच्या अंतरावर होते. २००८ पूर्वी पदवी घेतलेल्यांपुढे 'मुंबई विद्यापीठ, यूडीसीटी' असे लिहा. दोन्ही संस्थांनी आपापल्या यादीत ठेवले तरी ओळ तीच राहते.

समाजशास्त्र विभागाचेही असेच. १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांनी तो सुरू केला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो चालवला. घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे १९२८ साली एम.ए. झाल्या, एम. एन. श्रीनिवास १९४४ साली पीएच.डी. झाले, ए. आर. देसाई १९४६ साली. गुरू एक, पण कर्वे नातेसंस्थेकडे आणि मानवमितीकडे, म्हणजे मानवी शरीराच्या मोजमापांकडे, गेल्या, श्रीनिवासांनी बडोदे आणि दिल्ली इथे विभाग उभे केले, देसाई मार्क्सवादी विश्लेषणाकडे वळले. अशा ठिकाणी ओळीत 'मार्गदर्शक' हा एक शब्द जास्त लिहावा, फार उपयोगी पडतो.

इरावतीबाईंचे नाव जुन्या नोंदींत शोधताना 'कर्वे' या आडनावाखालीच पाहिले तर बी.ए.ची नोंद हुकण्याचा संभव आहे, कारण माहेरचे आडनाव करमरकर. १९३३ साली बी.एस्सी. होऊन केंब्रिजला डॉक्टरेट मिळवणाऱ्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झालेल्या कमला सोहोनी पदवीच्या वेळी भागवत होत्या, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. नामवंत स्त्रिया आपल्या याद्यांत कमी दिसतात त्याचे एक कारण इतके साधे आहे : शोधणारा चुकीच्या अक्षराखाली शोधतो. प्रत्येक स्त्रीच्या नोंदीत दोन्ही नावे हवीत. पुरुषांचीही एक अडचण आहे. जुन्या याद्यांत अनेकदा स्वतःचे आणि वडिलांचे नावच सापडते, आडनाव नाही, आणि रोमन अक्षरांत एकच लक्ष्मण तीन प्रकारे लिहिलेला असतो. म्हणून सगळी रूपे एका कागदावर आधी लिहून घ्या, मग शोधायला बसा.

प्रत्यक्ष कामाचा क्रम सांगतो. आधी नवीन नावे गोळा करू नका, आहे तोच फलक उतरवून घ्या. प्रत्येक नावाला एक कार्ड : छापील नाव, इतर रूपे, जन्मसाल, महाविद्यालय, परीक्षा, विषय, दोन साले, पुढचे काम, पुराव्याचे पान. पुरावा शोधताना पहिला मान विद्यापीठाच्या जुन्या वार्षिक कॅलेंडरांना, म्हणजे माहितीपुस्तकांना, त्यांत पदवीधरांच्या याद्या आहेत. दुसरा महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीला. तिसरा शिष्यवृत्ती आणि पारितोषिकांच्या नोंदींना, कारण त्यांत विषय आणि वर्ग मिळतो. आत्मचरित्र चौथे. मृत्युलेख आणि गौरवग्रंथ शेवटी, ते फक्त कुठे शोधावे हे सुचवतात. नोंदणीकृत पदवीधरांची यादी, जिच्यावरून विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) १० जागांची निवडणूक होते, ती कामाची आहे. पण नोंदणी स्वेच्छेची असल्यामुळे तिथे नाव नाही यावरून काही सिद्ध होत नाही. पानाचा फोटो घेताना मुखपृष्ठ आणि पृष्ठ क्रमांक दोन्ही घ्या. नुसता ओळीचा फोटो सहा महिन्यांनी कोणत्या खंडातला हे कळत नाही. सारख्या नावांची दोन माणसे आढळली तर वडिलांचे नाव, गाव आणि विषय यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कार्ड पक्के करू नका.

नामवंत कोणाला म्हणावे हाही निर्णय लिहून ठेवावा लागतो, नाहीतर यादी पुरस्कारांच्या मागे धावते. उषा मेहता यांना लोक १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओमुळे ओळखतात. पण त्या विल्सनच्या पदवीधर, १९५३ साली गांधीविचारावर याच विद्यापीठाची पीएच.डी. आणि पुढे अनेक वर्षे राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांच्या ओळीत तिन्ही गोष्टी याव्यात. अनिल काकोडकरांपुढे 'अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष' लिहून थांबू नका, व्हीजेटीआय या मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकी, १९६३, हेही लिहा. अणुशास्त्रात यंत्र अभियंता काय करतो, हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला त्यातूनच पडेल. आणि पदकांपलीकडे पाहा. ज्याने चाळीस वर्षे पालिकेच्या शाळेत गणित शिकवले, ज्याने जलवाहिन्यांचे नकाशे केले, त्यालाही जागा द्या. मात्र त्याचीही ओळ तितक्याच कसोशीने तपासा.

हयात व्यक्तींबाबत एक काळजी. गुण, पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख जाहीर करू नये. सार्वजनिक कामाची माहिती पुरते, बाकी कार्डावर राहू द्या आणि प्रसिद्धीपूर्वी लेखी संमती घ्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आता आहे. यादी प्रसिद्ध झाल्यावर दुरुस्तीसाठी एका माणसाचे नाव आणि पत्ता खाली छापा. आलेली दुरुस्ती कोणत्या पुराव्यावर स्वीकारली किंवा नाकारली ते तारखेसह त्याच कार्डाच्या मागे लिहा, म्हणजे समिती बदलली तरी पुढच्या माणसाला तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागत नाही.