साडीचा काठ कुठे गेला?

रंगीत फोटो ग्रे कसा करायचा ते दाखवणारच आहे, कोड दहाएक ओळींचा आहे, पण आधी आईच्या साडीचं सांगू द्या. हिरवी इरकल, लाल काठ. मी नुकताच पायथॉन शिकत होतो आणि क्लासमध्ये सांगितलेलं की फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे मिळवा, तीनने भागा, झाला ग्रे. केलं तसं, तर काठच गायब! अख्खी साडी एकच राखाडी, कुणी काठ उसवून नेल्यासारखी. लूप तपासला, फाइल बदलली, दोन दिवस गेले त्यात, शेवटी पिक्सेलचे आकडे छापून बघितले. अंगाचा हिरवा 0, 120, 60 आणि काठाचा लाल 170, 0, 10. करा बेरीज. हां, मागच्या रांगेतून बरोबर उत्तर आलं, दोन्हीकडे 180, म्हणजे सरासरी 60 आणि 60.

मला अजून राग येतो तो याचा, की सरासरी शिकवतात पण आपल्या डोळ्याला तीन रंग सारखे उजळ दिसत नाहीत हे कोणी सांगत नाही. हिरवा सगळ्यात उजळ, मग लाल, निळा पार मंद. म्हणून लालला 0.299, हिरव्याला 0.587, निळ्याला 0.114 असं वजन द्यायचं. तिघांची बेरीज 1, त्यामुळे पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे सगळ्यात जास्त 255, तो 255 च राहतो. आता साडी 77 आणि काठ 52, आला की नाही काठ परत!

आणि ही वजनं कॉम्प्युटरवाल्यांची नाहीत बरं का, टीव्हीची आहेत. 1982 ला आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, दिल्लीचं एशियाड आठवत असेल काहींना, पण बहुतेक घरात सेट ब्लॅक अँड व्हाइटच होते ना, त्यांनाही चित्र नीट दिसायला हवं, म्हणून सिग्नलमध्ये उजेडाचा भाग वेगळा जायचा आणि तो याच वजनांनी काढलेला असायचा. आपण सगळे लहानपणी हेच गणित बघत बसलेलो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटंच उरलीत. तर पटपट. पिलोने, म्हणजे पायथॉनच्या फोटो हाताळायच्या लायब्ररीने, इमेज ओपन करा, लगेच कन्व्हर्टने आरजीबी, म्हणजे फक्त लाल-हिरवा-निळा, करा, नाहीतर पीएनजीत पारदर्शकतेचा चौथा आकडा येतो आणि एरर. मग दोन फॉर लूप, बाहेर वाय, आत एक्स, गेटपिक्सेलने तीन आकडे घ्या, वजनांनी गुणून मिळवा, राउंड करा, तोच आकडा तीनदा पुटपिक्सेलने ठेवा, सेव्ह. कन्व्हर्टला एल, म्हणजे ग्रेचा मोड, दिलं की हेच काम एका ओळीत होतं, वजनंही हीच, पण पहिल्यांदा लूप हाताने लिहाच. नमपायने, म्हणजे आकडेमोडीच्या लायब्ररीने, सरासरी काढून बघणार असाल तर आकडे आधी फ्लोट करा, आठ बिटात 255 च्या पुढे मोजणी परत शून्यापासून होते, म्हणून 200 अधिक 100 म्हणजे 44 येतात. ओपनसीव्ही या दुसऱ्या फोटो लायब्ररीत निळा पहिला येतो, वजनं उलटी लावू नका. बाकीचं चहाच्या वेळी, लॅपटॉप चालूच ठेवतो, आईचे दोन्ही फोटो आहेत त्यात.