आधी चढ बघा, मग सायकल

(रत्नागिरीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सायकलने कामाला जायचं ठरलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, कुठल्या कंपनीची घेऊ? मी त्यांना विचारतो, तुमच्या वाटेवरचा सगळ्यांत वाईट चढ कुठला? मी भाट्याच्या बाजूला राहतो आणि मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. काजळी नदीवरचा पूल सपाट आहे, त्याचं काही नाही. पण पुढे मारुती मंदिर गाठेपर्यंत खाडीकाठ सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं असतं. आपल्याकडे बहुतेकांची वाट अशीच, घर खाली आणि काम वर.

म्हणून आधी चेन ज्यांच्यावरून फिरते त्या पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दात मोजा. जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८ धरा. पायडलचा एक फेरा मारलात की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं, सायकल पाच मीटरांहून पुढे जाते. सपाटीला छान, पण चढावर प्रत्येक फेऱ्याला तेवढं ओझं गुडघ्यावर येतं. आता पुढे २८ आणि मागे २८ दात असलेली सायकल घ्या. एक फेरा, चाकाचाही एकच. २६ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे पाय हलका फिरतो आणि तुम्ही दोन-दोन मीटरांनी वर सरकता. वेग माणूस चालण्यापेक्षा थोडाच जास्त, पण उतरून ढकलावी लागत नाही. दुकानात "एकवीस गिअर आहेत" एवढ्यावर भुलू नका. सगळ्यांत हलका गिअर किती हलका, ते विचारा.

पहिल्या खेपेला मी रुबाब बघून पुढे-मागे शॉकअप असलेली सायकल घेतली. वजनाला जड, चढावर जोर लावला की अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यात जायचा, आणि दुसऱ्या पावसाळ्यात स्प्रिंगांना तांबेरा चढला. खड्ड्यांसाठी शॉकअप नको, जाड टायर पुरतात. पावणेदोन-दोन इंच रुंदीचे घ्या आणि हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत ठेवा, पावसाळ्यात जरा कमी.

आता खारा वारा. याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे सायकली वापरून जातात त्याहून उभ्या उभ्या जास्त गंजतात. चाकाच्या तारा स्टेनलेसच्या मागा. फ्रेम लोखंडी आणि सीटची नळी ॲल्युमिनियमची असेल, तर मिठाच्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना असे धरतात की नळी हलतच नाही. माझी अडकली होती, शेवटी कापून काढली. दोन-तीन महिन्यांनी नळी बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा, परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. चेन गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग एकेका कडीवर एक थेंब तेल सोडा आणि बाहेरचं पुसून टाका. तेल आतल्या पिनेला हवं. बाहेर राहिलं तर धूळ धरतं. घरात आहे म्हणून खोबरेल घालू नका. थंडीच्या सकाळी बाटलीत गोठतं ते चेनमध्येही गोठणारच.

पावसात जांभ्याची तांबडी माती ब्रेकच्या रबरात रुतते आणि सहाणेसारखी रिम घासत राहते. परवडत असेल तर डिस्क ब्रेक घ्या, मात्र चेनला सोडलेलं तेल डिस्कवर उडता कामा नये. रिमचे ब्रेक असतील तर उतार लागण्याआधीच हलकेच दाबून रिम कोरडी करून घ्या. मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा. चेनकव्हर तर साडी, ओढणी, पँट सगळ्यांसाठीच हवं. दिवे, घंटी, कॅरिअर हे सांगायला नको.

मापाचं पाहा. सायकलच्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहिलात की दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहायला हवेत. मग सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. इथे पुष्कळ जण दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावा, आठवड्यात जमते.

आणि सोमवारी एकदम निघू नका. एखाद्या रविवारी सकाळी डबा, छत्री, कपडे असं रोजचं सगळं वजन कॅरिअरला बांधून तीच वाट जाऊन या. चढाच्या मध्यावर कुठे सावली आहे, कुठल्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला शेवाळ धरतं, घड्याळात किती मिनिटं लागली, हे त्या दिवशी कळेल.