बातमी पोचली पाहिजे: उषा मेहता आणि काँग्रेस रेडिओ

श्रोतेहो, उषा मेहतांची गोष्ट सांगायला घेतली की ती हमखास रहस्यकथेसारखी रंगते. चोरून चालवलेलं रेडिओ केंद्र, सतत बदलणारी जागा, मागावर असलेले पोलीस आणि या सगळ्याच्या मध्यभागी २२ वर्षांची मुलगी. यातलं काहीच खोटं नाही. पण त्या रंगात एक प्रश्न बुडून जातो: एवढा धोका पत्करून या मुलीला लोकांना सांगायचं होतं तरी काय? आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते स्वतः, नेहरू, पटेल, आझाद, सगळे अटकेत होते. नेते तुरुंगात, काँग्रेस बेकायदा, वर्तमानपत्रांवर निर्बंध. ऑल इंडिया रेडिओ तर सरकारचाच. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हाच हौशी मंडळींचे प्रक्षेपणाचे परवाने रद्द झाले होते. म्हणजे देशभर लोक उठले होते, पण एका गावात काय घडलं ते दुसऱ्या गावाला कळायची धड सोय उरली नव्हती. ही कोंडी लाठीइतकीच परिणामकारक असते, असं मला वाटतं. आपण एकटेच आहोत असं वाटलं की माणूस घरी बसतो.

उषाबेननी नेमकी ही कोंडी हेरली. जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतेजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रजी अमलातले न्यायाधीश. तरी मुलगी आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत घोषणा देत होती. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब मुंबईला आलं. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९३९ मध्ये पदवीधर झाल्या आणि पुढे कायद्याच्या अभ्यासाला लागल्या. ऑगस्ट उजाडला आणि तो अभ्यास सुटला.

रेडिओ काढायचा तर पैसा हवा. नात्यातल्या एका बाईंनी अंगावरचे दागिने देऊ केले, ते उषाबेननी घेतले नाहीत. बाबूभाई खाकर यांनी पैशाची व्यवस्था केली. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी ही जोडीदार मंडळी. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवानी यांची मदत मिळाली. पुढे राममनोहर लोहिया यांच्यासारखे भूमिगत नेते येऊन मिळाले. ही नावं मी मुद्दाम घेतोय. उषाबेन स्वतःही हे काम कधी एकटीचं म्हणून सांगत नसत.

२७ ऑगस्टला पहिलं प्रक्षेपण झालं. ‘हा काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटर लांबीच्या लहरींवरून, हिंदुस्थानात कुठूनतरी बोलत आहे’ अशा अर्थाची सुरुवातीची घोषणा असे. आधी ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’, आणि मध्ये हिंदी व इंग्रजीतून बातम्या आणि भाषणं. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, गिरगावातली पारेख वाडी, शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला असा यंत्राचा मुक्काम हलत राहिला. पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत फिरायची, म्हणून हे बिऱ्हाड.

आणि बातम्या कुठल्या? चितगावावर झालेली बॉम्बफेक. जमशेदपूरचा संप. आजच्या उत्तर प्रदेशातल्या बलियातल्या घडामोडी. आणि आपल्या विदर्भातलं आष्टी-चिमूर. इथे मला जरा थांबायचं आहे. १६ ऑगस्टला चिमूरला आणि आष्टीला गोळीबार झाला, संतापलेल्या जमावाच्या हातून अधिकारी आणि पोलीस मारले गेले. मग चिमुरात लष्कर आलं आणि त्या गावातल्या बायकांनी जे भोगलं ते सांगायलाही जीभ रेटत नाही. चौकशी व्हावी म्हणून गांधीजींच्या आश्रमातल्या प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं, आणि त्या उपोषणाची बातमी छापायलाही सरकारने बंदी घातली! विचार करा, माणूस अन्नावाचून झिजतोय, आणि तो का झिजतोय हे छापणं गुन्हा. अशा काळात मुंबईतल्या एका खोलीतून चिमूरच्या बायकांवर काय गुदरलं ते मोठ्याने सांगितलं जात होतं. उषाबेनच्या कामाची किंमत मी इथे मोजतो.

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. गांधीजींना गुप्तता मान्य नव्हती. १९४४ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं. आणि उषाबेन तर मनापासून गांधीवादी, खादीचं व्रत घेतलेल्या. मग हे कसं जमायचं? माझं मत असं की त्यांनी जागा लपवली, म्हणणं लपवलं नाही. हातात शस्त्र घेतलं नाही. रोज संध्याकाळी साऱ्या देशाला, अगदी ऐकणाऱ्या पोलिसांनाही, आपण कोण आणि काय म्हणतो ते सांगितलं. गांधीजींना हा युक्तिवाद कितपत पटला असता, हा वाद घालता येईल. मला तो पटतो.

१२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडला. उषाबेन तिथेच होत्या, पण कागदपत्रं घेऊन निसटल्या. यंत्र जुळवणारा तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्याने जागा दाखवायचं कबूल केलं होतं. त्या दिवशी घरी बसल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. त्या चंद्रकांत झवेरींना घेऊन पॅराडाइज बंगल्यावर गेल्या आणि ठरलेल्या वेळी प्रक्षेपण सुरू केलं. ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू असताना पोलीस दारं फोडून आत घुसले. तबकडी बंद करा म्हणाले. ती बंद करायला यांनी नकार दिला.

पुढचे सहा महिने चौकशीचे. साथीदारांची नावं सांग, विलायतेला शिकायला पाठवतो, अशी लालूचही दाखवून झाली. त्या बोलल्या नाहीत. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना एकच विचारलं, की उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक आहे का? नाही, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. कायद्याचा अभ्यास अर्धवट सुटला होता खरा, पण आपला हक्क त्यांना नेमका ठाऊक होता. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं, चंद्रकांत यांना एक वर्ष अशी शिक्षा झाली. मोटवानी आणि विठ्ठलदास झवेरी सुटले. उषाबेन येरवड्याला गेल्या, तिथे तब्येत ढासळली. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा त्या बाहेर आल्या.

त्यानंतर त्यांनी सत्तेचं राजकारण केलं नाही. गांधींच्या विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, विल्सन कॉलेजात आणि पुढे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, मुंबईतल्या मणिभवन या गांधी संग्रहालयाचं काम पाहिलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या. त्याआधी दोनच दिवस, अंगात ताप असताना, त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला जाऊन आल्या होत्या. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्या तीन महिन्यांपलीकडे, वर्गात गेला, हे आपण सांगायला हवं. नागरिकाला राज्यकारभारातलं काय माहीत असायला हवं, हे त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवत राहिल्या.