चिविता दी बान्योरेजो : ढासळत्या कड्यावरचे गाव

दरीच्या मधोमध एकट्याच उभ्या असलेल्या एका टेकडीवर इटलीतले एक गाव आहे, त्याचे नाव चिविता दी बान्योरेजो. रोमच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर, लात्सिओ प्रांतात ते वसलेले आहे. १९६५ साली बांधलेला अरुंद पादचारी पूल हीच तेथे जाण्याची वाट आहे आणि पाहुण्यांना ती पायीच चढावी लागते.

अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन या इटलीतल्या प्राचीन लोकांनी ही जागा निवडली, ती तिन्हीत्रिकाळ सुरक्षित वाटली म्हणून. माथ्यावर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला टफ नावाचा खडक आहे, जो सहज कोरता येतो आणि घरे बांधायलाही उपयोगी पडतो. मात्र त्याच्याखाली प्राचीन समुद्रतळाची चिकणमाती आहे. पावसाचे पाणी आणि पायथ्याचे ओढे ही माती सतत पोखरत राहतात, आधार सुटला की वरच्या खडकाला उभ्या भेगा पडतात आणि एखादा मोठा तुकडा, कधी त्यावरच्या घरासह, दरीत कोसळतो. शेजारच्या उतारांवर मातीचे जे धारदार, उघडेबोडके कंगोरे दिसतात, ते याच झिजेने घडवलेले आहेत.

पूल संपतो तेथे सांता मारिया दरवाजा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह आहेत आणि प्रत्येकाच्या पंजाखाली माणसाचे मुंडके दाबलेले आहे. पंधराव्या शतकात गावकऱ्यांनी जवळच्या ओर्विएतो शहरातील मोनाल्देस्की घराण्याची सत्ता उलथवली, त्या विजयाची ही खूण मानली जाते. इतक्या लहानशा गावाने आपला स्वाभिमान असा थेट वेशीवर कोरून ठेवावा, हे मोठे विलक्षण वाटते.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ आणि फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधुसंघाचे प्रमुख संत बोनाव्हेंतुरा यांचा जन्म याच परिसरातला. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यांना स्वर्गात स्थान दिले आहे; त्यांचे जन्मघर मात्र कड्याबरोबर केव्हाच खाली गेले.

१६९५ च्या भूकंपाने गावाची घडीच मोडली. बिशपांचे पीठ समोरच्या बान्योरेजो या गावात हलवण्यात आले, आणि पाठोपाठ बहुतेक कुटुंबेही गेली. दोन्ही गावांचा जिव्हाळा मात्र तुटला नाही. सान दोनातो चर्चमधील लाकडी क्रूसमूर्ती आजही गुड फ्रायडेला बान्योरेजोच्या मिरवणुकीत नेली जाते, आणि ती मध्यरात्रीपूर्वी परतली नाही तर तिच्यावरचा चिवितेचा हक्क संपेल, अशी समजूत आहे.

माणसे गेली, नवी बांधकामे झाली नाहीत. म्हणूनच बाहेरून चढणारे दगडी जिने, कमानी आणि चर्चसमोरचा फरसबंदी नसलेला चौक मध्ययुगीन वळणाचे राहिले. आज येथे कायमचे राहणारे जेमतेम मूठभर लोक आहेत. २०१३ पासून गावात शिरण्यासाठी शुल्क आकारले जाते. कडे सावरण्यासाठी खडकात पोलादी सळया घालण्यात आल्या आहेत.

प्रबोधनकालीन आलेमान्नी वाड्यात भूगर्भशास्त्र आणि दरडींचे संग्रहालय आहे. चिवितेस जाणाऱ्याने चौकात रेंगाळण्याआधी ते अवश्य पाहावे. त्यानंतर प्रत्येक गल्लीच्या टोकाशी असलेली कड्याची धार, आणि तेथे अचानक थांबणाऱ्या भिंती, अधिक नीट कळतात.