इस्मत चुगताई : अंगणातला हिशेब

उर्दू साहित्याविषयी आपल्याकडे बोलणे निघाले आणि त्यात इस्मत चुगताई यांचे नाव आले, की पाठोपाठ ‘लिहाफ’ (म्हणजे रजई) ही कथा येतेच. पुढे अनेक दशके लिहीत राहिलेल्या लेखिकेची ओळख १९४२ साली लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’ मासिकात छापून आलेल्या एकाच कथेपाशी थांबावी, याचा त्रास खुद्द इस्मत यांनाही झाला. नंतर जे जे लिहिले ते या कथेच्या ओझ्याखाली दबून गेले, अशा अर्थाचे त्यांनी आत्मकथनात लिहून ठेवले आहे. आज मी ‘लिहाफ’ टाळणार नाही. पण त्यांच्या धीटपणाचे कौतुक पुष्कळ झाले, आणि मला त्यांचे खरे बळ जिथे दिसते ती जागा वेगळी आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या बेताच्या मिळकतीच्या मुस्लिम घरांत बायका अंगणात बसून कापड, पीठ, दागिने आणि मुलींची वये यांचा जो हिशेब मांडत असत, तो या लेखिकेने ज्या चोखपणे कथेत आणला त्याला तोड नाही.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. जन्म १९१५ चा, बदायूँचा. दहा भावंडांत त्या नवव्या. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे बदल्या होत राहिल्या, मोठ्या बहिणी लग्न होऊन गेल्या आणि ही मुलगी भावांच्या बरोबरीने वाढली. शिकू दिले नाही तर घर सोडून मिशनच्या शाळेत जाईन, अशी धमकी देऊन त्यांनी शिक्षण पदरात पाडून घेतले. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजातून बी.ए. आणि अलीगढहून अध्यापनाची पदवी, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. १९३६ साली प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली लखनौत प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा त्या तिथे हजर होत्या. त्यांच्यावर सर्वांत खोल परिणाम झाला तो डॉ. रशीद जहाँ यांचा. पेशाने डॉक्टर असलेल्या रशीद जहाँ या ‘अंगारे’ या १९३२ च्या संग्रहातल्या लेखकांपैकी एक. त्या संग्रहावर पुढच्याच वर्षी सरकारने बंदी घातली होती. इस्मत लिहू लागल्या तेव्हा त्यांचे थोरले भाऊ अज़ीम बेग चुगताई हे विनोदी लेखक म्हणून नावाजलेले होते, त्यामुळे बहिणीचे पहिले लेखन छापून येताच, अज़ीम बेग यांनी नाव का बदलले, असा प्रश्न काही वाचकांना पडला. हे भाऊ क्षयाने गेले, आणि त्यांच्यावर बहिणीने लिहिलेल्या लेखाचे नाव होते ‘दोज़ख़ी’, म्हणजे नरकात जाणारा. इस्मत यांचे समकालीन उर्दू कथाकार सआदत हसन मंटो सांगतात की, सख्ख्या भावावर कुणी असे लिहिते का, असे मंटोंच्या बहिणीने त्यांना विचारले, तेव्हा ते तिला म्हणाले, की माझ्यावर असा लेख लिहिण्याचे वचन देत असशील तर मी आज मरायला तयार आहे.

आता ‘लिहाफ’कडे येऊ. एका नवाबाची दुर्लक्षित बेगम, तिचे अंग रगडणारी रब्बू, आणि रात्री भिंतीवर हत्तीसारखी झुलणारी रजईची सावली पाहून घाबरणारी एक लहान मुलगी. या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ‘बू’ या कथेसाठी आरोपी असलेल्या मंटोंसह इस्मत यांना मुंबईहून लाहोरला जावे लागले. अश्लील शब्द कोणता हे साक्षीदारांना दाखवता येईना. एकाने शेवटी, मुलीने ‘आशिक’ गोळा करण्याचा उल्लेख आक्षेपार्ह असल्याचे सांगितले. वकिलांनी विचारले, कुणासाठी आक्षेपार्ह? चांगल्या मुलींसाठी, असे उत्तर आले. म्हणजे ज्या चांगल्या नाहीत त्यांच्यासाठी नाही ना, मग माझ्या अशिलाने त्याच मुलींविषयी लिहिले असेल, असे म्हणून वकिलांनी साक्षीतली हवाच काढून घेतली. खटला टिकला नाही. कथेच्या अखेरच्या वाक्यात मुलगी म्हणते, की रजईखाली काय पाहिले ते लाख रुपये दिले तरी सांगणार नाही. हे वाक्य कलेच्या दृष्टीने कच्चे आहे, असे मंटोंनी इस्मत यांना तोंडावर सांगितले होते. मला स्वतःला मंटोंचे म्हणणे पटते. ज्या बाईवरून ही कथा सुचली, ती पुढे एकदा इस्मत यांना भेटली. नवाबापासून सुटून तिने दुसरे लग्न केले होते आणि तिला मुलगाही झाला होता. त्या भेटीने खटल्याच्या सगळ्या मनस्तापाचे उट्टे निघाले, असे इस्मत यांना वाटले.

‘चौथी का जोड़ा’ ही कथा मात्र मला ‘लिहाफ’पेक्षा कितीतरी मोठी वाटते. लग्नानंतर चौथ्या दिवशी नवरीने घालायचा कपड्यांचा जोड म्हणजे चौथीचा जोडा. कुबरा आणि हमीदा या दोन मुलींची विधवा आई साऱ्या मोहल्ल्यात कापड बेतण्यासाठी प्रसिद्ध आहे. मोडक्या कौलांतून उन्हाचे तुकडे पडलेल्या पडवीत स्वच्छ जाजम अंथरलेली असते, शेजारणी अपुरे कापड घेऊन येतात, आणि ही बाई त्याची खळ मोडून, कधी त्रिकोनी तर कधी चौकोनी घडी घालून, मनातल्या मनात कात्री चालवते. मग ती हसून सांगते, की बाह्या आणि घेर निघेल, गळ्यासाठी चिंधी माझ्या बोचक्यातून घे. हे वाचताना आपण शिवणकाम पाहतो आहोत असेच वाटते. दुसऱ्यांचे कापड हमखास पुरवणाऱ्या या बाईला स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र बेतता येत नाही. भाचा राहत पोलीस प्रशिक्षणासाठी येऊन राहतो आणि आशेवर घर चालू लागते. एकेक दागिना विकून त्याला पराठे आणि कोफ्ते वाढले जातात, मुली स्वतः कोरडे खातात. पडद्याआड बसून कुबरा त्याच्यासाठी स्वेटर विणते. समोर जायचे काम धाकटीवर येते. थट्टा म्हणून हमीदा त्याला पेंडीचे कबाब वाढते आणि तो ते न ओळखता खाऊन टाकतो. शेवटी राहत घराचे सगळे खाऊन, हमीदाशी जे करू नये ते करून निघून जातो, कारण त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले असते. क्षयाने कुबरा संपते, आणि त्याच जाजमावर आई पांढरे कापड पसरून लेकीचे कफन बेतायला बसते. निवेदनात कुठेही आक्रोश नाही. वाचकाच्या डोक्यात गरगरत राहते ती विकलेल्या दागिन्यांची यादी.

‘दो हाथ’ या कथेत हाच हिशेब सफाई कामगारांच्या घरात होतो. राम अवतार लढाईवर असताना त्याच्या बायकोला मूल होते. तो परतल्यावर आता काय तमाशा होतो, म्हणून प्रतिष्ठितांची घरे डोळे लावून बसलेली असतात. हे मूल तुझे नाही, असे त्याला समजावले जाते. तो म्हणतो, की पोरगा मोठा होईल, कामाला दोन हात लावील आणि आपले म्हातारपण निभावेल. त्यावर उपदेश करायला निघालेल्या मालकाची मान खाली जाते.

‘टेढ़ी लकीर’ ही त्यांची सर्वांत महत्त्वाकांक्षी कादंबरी. शमन या नायिकेच्या बालपणाचा भाग अप्रतिम आहे, उत्तरार्ध माझ्या मते विस्कळीत होतो. मुंबईत त्या चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला आल्या, पालिकेच्या शाळांच्या निरीक्षक झाल्या, चित्रपट दिग्दर्शक शाहिद लतीफ यांच्याशी लग्न केले आणि चित्रपटसृष्टीत रमल्या. त्यांच्याच कथेवरचा ‘ज़िद्दी’ १९४८ सालचा. पुढे फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या एका कुटुंबावरच्या त्यांच्या कथेतून ‘गर्म हवा’ हा चित्रपट तयार झाला. १९९१ साली मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार चंदनवाडीत दहन झाले, ज्यावरून बरीच टीकाही झाली.

ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्यांच्यासाठी त्यांच्या अनेक कथा देवनागरीत मिळतात. हिंदी समजणाऱ्या मराठी वाचकाने अनुवादाची वाट न पाहता त्या सरळ मोठ्याने वाचाव्यात, कारण त्यांचे वाक्य बोलण्यातून आलेले आहे, आणि सुरुवात ‘चौथी का जोड़ा’पासून करावी.