पगार तर तुम्हीच देता ना?

(दुबईतील आपल्या मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी किंचित संपादित.)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि शेवटच्या रांगांत बसून भोजनगृहाच्या दाराकडे डोळे लावलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

या भाषणाची तयारी मी आठ दिवस आधीच केली होती. सह्याद्रीपासून सुरुवात, मध्ये ज्ञानोबा-तुकोबा, मग संयुक्त महाराष्ट्र आणि शेवटी परदेशात राहून आपण भाषा कशी टिकवली याबद्दल स्वतःचीच थोडी पाठ थोपटणे, असा सगळा बेत ठरला होता. गेल्या मंगळवारी रात्री जेवताना आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने एक वाक्य उच्चारले आणि ते भाषण बाजूला पडले. आज जे बोलणार आहे ते त्या वाक्यामुळे.

आमच्याकडे गेली सहा वर्षे घरकामाला अक्का राहतात. त्या कडप्पा जिल्ह्यातल्या. त्यांची भाषा तेलुगू, पण आमच्या घरात राहून त्या मराठी शिकल्या, आणि लाजेकाजेस्तव सांगते, आज आमच्या घरात 'ळ' कुणाचा शुद्ध असेल तर तो अक्कांचा. तेलुगूत ळ आहे. इथल्या शाळेतल्या इंग्रजीत तो नाही. म्हणून आमच्या मुलीचे कमळ 'कमल' होते आणि अक्का तिला थांबवून 'कमळ, कमळ' असे म्हणायला लावतात. भाषा टिकवल्याचा सत्कार आज व्हायचाच असेल तर तो स्वयंपाकघरात जाऊन करावा लागेल.

त्या मंगळवारी अक्कांच्या धाकट्या मुलीला ताप होता. मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून, बोटिमवर (इथल्या व्हिडिओ कॉलच्या ॲपवर) कॉल चालू ठेवून अक्का पोळ्या लाटत होत्या. पडद्यावर ती मुलगी पांघरुणातून नुसती बघत होती. दोघी बोलत नव्हत्या, कारण बोलण्यासारखे सगळे बोलून झाले होते. मुलीला फक्त आईची लाटणी चालताना बघायची होती. आमची कन्या पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जेवायला बसल्यावर तिने विचारले, "अक्का तिच्या मुलीला इथे का आणत नाही?"

माझे यजमान सनदी लेखापाल आहेत. त्यांनी प्रश्नाचे अचूक उत्तर दिले, ते असे: इथे कुटुंब आणायचे तर महिन्याला किमान 4,000 दिरहम पगार लागतो, किंवा 3,000 आणि राहायला जागा, घरकामाच्या व्हिसावर तेवढ्यानेही भागेल की नाही ते वेगळेच. मुलीने घास चावून संपवला आणि म्हणाली, "पण पगार तर तुम्हीच देता ना?"

त्यानंतर आमच्या घरी जे झाले त्याला वाद म्हणणे सौम्य ठरेल. आपण बाजारभावापेक्षा जास्त देतो, दर वर्षी जाण्यायेण्याचे तिकीट देतो, तिच्या मोठ्या मुलीची फी भरली, असे यजमानांचे म्हणणे. मी तावातावाने ते खोडून काढत होते, आणि खोडता खोडता माझ्या लक्षात आले की हे सगळे मुद्दे माझेच आहेत. गेल्या वर्षी भिशीत मी ते याच क्रमाने मांडले होते. अक्कांना किती पगार देतो ते इथे सांगत नाही. तो चार हजारांच्या खालचा आहे, एवढे सांगितले तरी या सभागृहात पुष्कळांना तो अंदाजाने कळेल.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा एक आकडा पाहिला. घरी राहणारी कामवाली बाई आपल्या व्हिसावर ठेवायची तर त्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न 25,000 दिरहम तरी असावे लागते. म्हणजे पंचवीस हजारांच्या वरच्याने चार हजारांच्या खालच्या बाईला आपले मूल सांभाळायला आणायचे, आणि तिचे मूल कुणी सांभाळायचे हा प्रश्न दोन्ही आकड्यांच्या मधल्या जागेत पडून राहायचा. हे झाले इथल्या नियमांचे. आपल्या देशाचा नियम त्याहून विचारात पाडणारा आहे. दहावी न झालेल्यांचे पारपत्र ईसीआर शेऱ्याचे असते, म्हणजे कामासाठी ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी तपासणी लागते, आणि अशा पारपत्रावर घरकामासाठी या आखाती देशांत यायचे तर बाईचे वय निदान 30 लागते. तरुण मुलींची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला हा नियम आहे आणि त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण आपल्याकडच्या खेड्यातली, दहावीच्या आत शाळा सुटलेली बाई तिसाव्या वर्षी कोण असते? दोन-तीन मुलांची आई. मुलींना जपण्यासाठी केलेल्या नियमाने इथे येते ती बहुधा आईच, आणि मग तिची मुले आजीकडे राहतात.

आजीचा विषय निघाला म्हणून माझ्या आजीचे सांगते. आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहत. एका खोलीत पंचवीस-तीस माणसे, पण एका वेळी नव्हेत. दिवसपाळीवाल्यांनी वळकट्या गुंडाळल्या की रातपाळीवाल्यांनी त्याच जागी आपल्या सोडायच्या. प्रत्येकाचा भिंतीवर एक खिळा आणि खाली एक ट्रंक. जेवण खानावळीत. आजी गावी. मनिऑर्डरीच्या फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या चार ओळी पोस्टमन वाचून दाखवी, म्हणजे माझ्या आजोबांचे बायकोशी बोलणे वर्षानुवर्षे पोस्टमनच्या तोंडून झाले. ते गावी येत गणपतीला आणि शिमग्याला. माझे वडील ज्येष्ठातले आणि दोन्ही आत्या मार्गशीर्षातल्या. का, ते कोकणातल्या मंडळींना बोटे मोजून सांगायला नको.

अभ्यासकांनी पुढे या प्रकाराला 'मनिऑर्डर अर्थव्यवस्था' असे भारदस्त नाव दिले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पोस्टमन आमच्या वाडीत न थांबता पुढे जाऊ लागला. वाडीतल्या काही पोरांनी मग आखाताची वाट धरली. ती वाट मंडणगड, दापोली, खेड, म्हसळ्याच्या मुसलमान कुटुंबांनी त्याच्या कितीतरी आधी मळून ठेवली होती. आजीला मुंबईला जायला कायद्याची आडकाठी नव्हती, खोलीची होती. इथे ती आडकाठी नियमातच लिहून ठेवली आहे, आणि ती लिहिलेली असल्यामुळे आपल्याला आपले काही चुकते आहे असे वाटत नाही.

आता थोडे रागवायचे आहे, आणि त्यात मी पहिल्या रांगेत उभी आहे.

आपल्या पत्रिकेवर दर वर्षी '1 मे, महाराष्ट्र दिन' असे छापले जाते. तोच कामगार दिनही असतो, हे छापायला जागा उरत नसावी. प्रायोजकांची चिन्हे पुष्कळ असतात. पण हुतात्मा चौकात मशाल धरून जे दोघे उभे आहेत, ते शेतकरी आणि कामगार आहेत. तिथे सनदी लेखापाल कुणी नाही, हे मी घरी सांगितले आहे.

दिवाळीत आपण फराळाचे डबे घेऊन सोनापूरच्या कामगार वसाहतीत जातो. (मुंबईच्या जुन्या माणसांना सोनापूर म्हटले की चंदनवाडीची स्मशानभूमी आठवते, म्हणून माझी आई हे नाव फोनवर ऐकले की 'शिव शिव' म्हणते.) दोन वर्षांपूर्वी तिथे मी एका खोलीत डोकावले. दोनमजली खाटा, खाटेभोवती चादरीचा पडदा, खाली पत्र्याची पेटी आणि भिंतीवर ओळीने खिळे. तिथे खेडचा एक सुतार भेटला. चकलीचा डबा हातात घेऊन त्याने विचारले, "ताई, गाव कंचा?" मी संगमेश्वर म्हणताच त्याने पडदा सारून मला बसायला खाट झटकून दिली. अकरा वर्षे झाली होती त्याला इथे, आणि मुलाला त्याने एकूण मिळून दहा-बारा महिनेच पाहिले होते. निघताना तो म्हणाला, "आपल्या मंडळाचा गनपती कुटं असतो?" मी सभागृहाचे नाव सांगितले. प्रवेशिका दीडशे दिरहमची असते, हे मात्र माझ्याने सांगवले नाही.

तो आला नाही. येणार कसा? त्या सभागृहाजवळ बस थांबत नाही आणि त्याची साप्ताहिक सुट्टी आपल्या सुट्टीच्या दिवशी नसते. हे मी त्याच रात्री कार्यकारिणीच्या गटावर लिहायला घेतले होते. पण तिथे श्रीखंड कोणत्या दुकानाचे मागवायचे यावर अडतिसावा संदेश येऊन पडला होता आणि मीही त्यात एकोणचाळिसावा घातला.

तीच गोष्ट म्हसळा-श्रीवर्धनच्या आपल्या मुसलमान बांधवांची. आपल्यापैकी अनेकांच्या आधी एक-दोन पिढ्या ते इथे आले, घरी आपल्याच मुलखातली बोली बोलतात, आणि एखादा चुकून आपल्या कार्यक्रमाला आला तर आपण कौतुकाने म्हणतो, "अरे वा, मराठी छान बोलता की तुम्ही!" मीही एकदा म्हटले आहे. समोरच्या गृहस्थांनी हसून उत्तर दिले, "आपणही बरे बोलता."

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीचा निष्कर्ष आपण सर्वांनी एकमेकांना पाठवला होता, तो आठवत असेल: 2023-24 मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, म्हणजे केरळच्या 19.7 टक्क्यांच्याही पुढे. अभिमान वाटला, मलाही वाटला. मात्र त्यात आपल्या पुण्यातल्या दुसऱ्या सदनिकेचे हप्ते किती आणि खेडच्या त्या मुलाच्या वह्यापुस्तकांचे पैसे किती, हे त्या एका आकड्यात वेगळे दिसत नाही. दोन्ही रकमा एकाच रांगेत उभे राहून पाठवल्या जात नाहीत, एवढे आपल्याला माहीत आहे.

आणि असे समजू नका की या साखळीत आपण फक्त वरच्या टोकाला आहोत. माझी आई डोंबिवलीत एकटी असते. तिच्याजवळ रात्रंदिवस राहायला ब्युरोची एक बाई आहे, जालना जिल्ह्यातली. तिची मुले गावी तिच्या आईकडे असतात. मी इथे आहे म्हणून ती तिथे आहे आणि अक्का इथे आहेत म्हणून मी नोकरीवर आहे. रोज रात्री आठला आमच्या घरातून दोन फोन लागतात, एक डोंबिवलीला आणि एक कडप्पाला. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो, जेवलीस का.

अक्कांना परत पाठवावे, असे मी म्हणत नाही. त्या गेल्या तर त्यांच्या मोठ्या मुलीचे नर्सिंग थांबेल, आणि ती मुलगी नर्सिंग करते आहे तीही परदेशी जाता यावे म्हणून. पगार चार हजार करावा, असे यजमानांना मी सुचवले, त्यावर त्यांनी विचारले की मग तुझी इमारतीतली मैत्रीण उद्या आपल्याशी बोलेल का. मला उत्तर सुचले नाही. ती मैत्रीण आज इथे बसली आहे. तिने मला नंतर खाजगीत सांगावे.

मुलीने मात्र तिच्या बाजूने काम सुरू केले आहे. गुरुवारी सकाळी शीतकपाटावर चुंबकाने लावलेला एक कागद मला दिसला. त्यावर 4000, त्याखाली वजाबाकीचे चिन्ह आणि अक्कांचा पगार, आणि खाली रेघ ओढून आलेले उत्तर. हातचा नीट घेतला होता. यजमानांनी तो पाहिला आणि काढला नाही. मीही काढला नाही. अक्कांना मराठी वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्या कपाटातून दूध त्याच काढतात, रोज, सकाळी साडेपाचला.